पुस्तकात घातांकी उतार, आमच्या आलेखात घंटा: एकट्या क्यूबिटची फेज बिघडवतं कोण?

पांझराकाठ, धुळे

नमस्कार मंडळी. धुळ्यातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पाला क्वांटममधली सगळ्यात साधी वस्तू घेतली आहे, एकच क्यूबिट. त्याच्या अवस्था दोन, शून्य आणि एक. तो दोन्हींत सारख्या वजनाने एकदम ठेवला की त्या दोघींमधल्या फेजचा फरक ठरावीक गतीने फिरत राहतो. क्वांटमपण म्हणतात ते सगळं त्या फिरण्यात असतं. डेन्सिटी मॅट्रिक्स म्हणजे क्यूबिटची अवस्था मांडणारा तक्ता. त्याची चार घरं मांडली, तर तिरप्या ओळीतल्या दोन घरांत शक्यता असतात, अर्धी आणि अर्धी. उरलेल्या दोन घरांत ही फेज असते. भोवतालचा गोंगाट शक्यतांना हातही लावत नाही आणि ही दोन घरं मात्र रिकामी करतो. इंग्रजी पुस्तकांतला डिकोहिरन्स तो हाच.

आमचा प्रोग्राम साधा आहे. गोंगाटामुळे फेजच्या गतीत थोडी चूक येते असं धरलं. चुकीची सरासरी शून्य, पसारा (स्टँडर्ड डेव्हिएशन) दर मायक्रोसेकंदाला ०.१ रेडियन. दोन हजार फेऱ्या चालवल्या आणि सगळ्यांची सरासरी काढली. सुरुवातीला कोहिरन्स, म्हणजे फेजचा मेळ किती टिकला त्याचं माप, १. दहा मायक्रोसेकंदांनी ०.६१, विसाला ०.१३, तिसाला ०.०१.

अडचण इथे आहे. प्रत्येक पुस्तकात हा उतार घातांकी दाखवलेला असतो. दहाला ०.६१ असेल, तर विसाला ०.३७ आणि तिसाला ०.२२ यायला हवं. आमचा आलेख आधी सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, अर्ध्या घंटेसारखा. मुलगी तीन दिवस प्रोग्रामातली चूक शोधते आहे. काल स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "सर, मला हे जमणार नाही." मीही ओळ न् ओळ तपासली. मला चूक दिसत नाही आणि खुलासाही सुचत नाही.

मिलिकेल्व्हिन, मूळ गाव अमळनेर

सर, एकच सांगा. ती ०.१ पसाऱ्याची चूक फेरी सुरू होताना एकदाच उचलता, की दर पावलाला नवी?

पांझराकाठ

एकदाच. फेरी संपेपर्यंत तीच.

मिलिकेल्व्हिन

मग तुमच्या विद्यार्थिनीला आज रात्रीच फोन करून सांगा की प्रोग्राम बरोबर आहे. तिचा आलेख खरा आहे, आणि पुस्तकातलाही खरा आहे. दोघांतला गोंगाट वेगळा आहे, एवढंच. सविस्तर जेवणानंतर लिहितो.

केळीबाग, रावेर तालुका

मी बी.एस्सी. करून शेती धरली, त्यालाही आता वीस वर्षं झाली. धागा वाचतोय, पण मले एक आधी समजावा. फेज बिघडते म्हणजे नेमकं काय बिघडतं? शक्यता तशाच राहतात म्हणता. मग गेलं काय?

चुंबकघर, जळगाव

दादा, मी एमआरआय सेंटरला तंत्रज्ञ आहे. माझं रोजचं काम याच गोष्टीवर चालतं, म्हणून प्रयत्न करते.

आखाजीला निंबाच्या फांद्यांना झोके बांधतात ना, तसे दहा झोके डोळ्यासमोर आणा. दहाही एकदम सोडले. सुरुवातीला सगळे एकाच लयीत पुढे-मागे जातात. पण कोणाचा दोर चार बोटं लांब, कोणाचा आखूड. थोड्या वेळाने बघा, एक पुढे, एक मागे, एक मधे. प्रत्येक झोका अजून तेवढाच उंच जातोय, कोणाचा जोर कमी झालेला नाही. फक्त एकमेकांशी असलेला मेळ गेला. दहांची मिळून सरासरी काढाल तर शून्याजवळ येईल. फेज बिघडणं ते हे. झोका हवेने आणि दोराच्या घासण्याने हळूहळू थांबतो, ती गोष्ट वेगळी. आमच्या भाषेत थांबण्याच्या काळाला टी-१ म्हणतात आणि मेळ जाण्याच्या काळाला टी-२. मेळ आधी जातो, झोका नंतर थांबतो.

मिलिकेल्व्हिन

ताईंनी छान सांगितलं. नियमही तोच आहे: टी-२ हा टी-१ च्या दुपटीपेक्षा जास्त कधीच असू शकत नाही, कमी मात्र कितीही असू शकतो.

एक दुरुस्ती करतो, कारण इथे घोटाळा होतो. झोके दहा आहेत. क्यूबिट एकच असला तरी प्रयोग हजारो वेळा करावा लागतो, कारण एका मोजणीत शून्य किंवा एक एवढंच उत्तर मिळतं. झोके ज्या अर्थाने दहा, त्या अर्थाने आमच्या फेऱ्या हजारो.

आता सरांचा प्रश्न. शेवटी फेज किती चुकली याचा पसारा सिग्मा धरा. कोहिरन्स म्हणजे चुकीच्या कोसाईनची सरासरी, आणि ती येते ई (२.७१८) चा घात, घातांक वजा सिग्मा-वर्गाचा निम्मा. पसारा एक रेडियन झाला की ०.६१, दोन झाला की ०.१३५, तीनला ०.०१. सरांचे आकडे हेच आहेत.

प्रश्न उरतो तो पसारा काळाबरोबर कसा वाढतो याचा. चूक फेरीभर तीच असेल, तर दुप्पट वेळात दुप्पट चूक. पसारा सरळ वाढतो, घातात त्याचा वर्ग येतो आणि घंटा उमटते. दर पावलाला चूक नवी असेल, तर कधी पुढे कधी मागे, एकमेकांना खात जातात. तेव्हा पसाऱ्याचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो आणि पुस्तकातला घातांकी उतार मिळतो. पुस्तकं बहुधा दुसरा प्रकार गृहीत धरतात, कारण त्याचं गणित सुटसुटीत होतं. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत पहिला प्रकार फार भेटतो. आम्ही वापरतो त्या अतिवाहक (सुपरकंडक्टिंग) क्यूबिटच्या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यातले दोष आपली जागा संथपणे बदलत राहतात. असा मंद गोंगाट आमचा जुना सोबती आहे.

सर, आता प्रोग्रामात एकच बदल करा. दर मायक्रोसेकंदाला नवा आकडा उचला, पसारा तोच ०.१. शंभर मायक्रोसेकंदांनी काय येतं ते इथे लिहा.

पांझराकाठ

तिने लगेच चालवून पाठवलं. शंभर मायक्रोसेकंदांनी ०.६१! आधी हा आकडा दहालाच आला होता. दोनशेला ०.३७, चारशेला ०.१३. उतार घातांकी, पुस्तकातल्यासारखा.

पण मला वेगळंच कोडं पडलं आहे. धक्का तेवढाच, तरी भराभर बदलणारा धक्का कोहिरन्सला दहापट जास्त जगू देतो?

चुंबकघर

सर, हे मी रोज पडद्यावर बघते! आमचं यंत्र १.५ टेस्लाचं. त्यात पाण्यातला प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख फेऱ्या मारतो. शेजारचे प्रोटॉन त्याच्यावर बारीकसं चुंबकीय बळ लावतात, तोच त्याचा गोंगाट. मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवात रेणू इतक्या वेगाने गरगरतात की हा त्रास सरासरीत जवळजवळ पुसला जातो. टी-२ सेकंदांत जातो आणि चित्रात ते पाणी पांढरं चमकतं. मेंदूच्या गाभ्यात हालचाल बांधलेली असते, तिथे टी-२ शंभर मिलिसेकंदांच्याही आत. हाडाचा कठीण भाग तर काळाच दिसतो, सिग्नल धरायच्या आत संपलेला असतो. पाण्याचा बर्फ केला तर त्याच प्रोटॉनचा टी-२ मायक्रोसेकंदांवर येतो.

प्रशिक्षणात आम्हाला एवढंच सांगितलं होतं की द्रव पांढरा, घन काळा. का, ते आज या धाग्यावर कळलं.

मिलिकेल्व्हिन

ब्लोम्बर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी १९४८ मध्ये हेच मांडलं. क्यूबिट हा शब्दही तेव्हा नव्हता. साध्या क्वांटम वस्तूवर भोवतालचा परिणाम कसा होतो, याचं बरंचसं शहाणपण आमच्या क्षेत्राला ताईंच्या क्षेत्राकडून मिळालं आहे.

केळीबाग

झोका समजला. पण झोक्याचा दोर लांब-आखूड, हे मोजून पाहता येतं. तुमचा तो भोवताल म्हणजे नेमका कोण? इकडे मे महिन्यात ४५ अंश असतं. असली यंत्रं आमच्याकडे चालतील का?

मिलिकेल्व्हिन

दादा, प्रश्न अगदी नेमका आहे. आमचा क्यूबिट ५ गिगाहर्ट्झला बोलतो. त्याची शून्यावरून एकवर जायची ऊर्जा तापमानात मांडली तर केल्व्हिनचा चौथा हिस्सासुद्धा नाही, ०.२४. भुसावळचा ४५ अंशांचा मे म्हणजे ३१८ केल्व्हिन. त्या उष्णतेत क्यूबिटच्याच सुरातले तेराशेच्या वर फोटॉन सतत घोंगावत असतात. कितीही बारीक कुजबूज असली, तरी भर यात्रेत ऐकू यायची नाही. म्हणून क्यूबिट १० ते २० मिलिकेल्व्हिनवर ठेवतात. तिथे तसा फोटॉन लाखात एखाद्या वेळीही क्वचितच सापडतो.

पण क्यूबिटशी बोलायला तार हवी, आणि तारेचं दुसरं टोक खोलीत. तारेतून खोलीची उष्णता आत उतरते. म्हणून वाटेत थंड टप्प्यांवर सिग्नल दाबत नेतात, एकूण सुमारे दहा लाखपट. एवढं करूनही एखादा चुकार फोटॉन मोजणीच्या पोकळीत शिरतो आणि तेवढा वेळ क्यूबिटचा सूर किंचित सरकवतो. फेज गेली.

१९९९ मध्ये नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये पहिला अतिवाहक क्यूबिट डोलवला, तेव्हा कोहिरन्स काही नॅनोसेकंद टिकला होता. आज चांगल्या चिपवर तो शेकडो मायक्रोसेकंद टिकतो, म्हणजे जवळजवळ लाखपट. थोडं रचनेतून मिळालं, म्हणजे क्यूबिटच असा घडवायचा की विजेच्या गोंगाटाचा त्याच्यावर परिणाम कमी. बाकीचं मिळालं ते भोवताल झाडून-पुसून: चांगला धातू, स्वच्छ पृष्ठभाग, चुंबकीय कवच. या कामात ग्लॅमर नाही आणि नाव कोणाचं होत नाही, पण सगळा खेळ त्यावरच उभा आहे असं माझं ठाम मत आहे.

सातपुडा७८, शिरपूर

मी निवृत्त शिक्षक. तुम्हा मुलांची चर्चा आवडीने वाचतो आहे. आमच्या वेळी सांगत, पाहणारा आला की अवस्था कोसळते. मग पाहणाऱ्याचं मन कुठे गेलं? तुम्ही तर नुसता गोंगाट म्हणता आहात.

मिलिकेल्व्हिन

गुरुजी, नमस्कार. मनाची गरज लागत नाही, हवेचा एक रेणू पुरतो. हायडेलबर्गच्या झेह यांनी १९७० मध्ये हे लिहिलं आणि बरीच वर्षं कोणी लक्ष दिलं नाही. मग १९८१-८२ मध्ये झुरेक यांनी ते पक्क्या पायावर आणलं. क्वांटम वस्तू भोवतालाला धडकते तेव्हा भोवताल तिला हलवतो, आणि तिच्याबद्दल काहीतरी शिकतोही. क्यूबिट शून्यात असेल तर रेणू एका बाजूला उडेल, एकमध्ये असेल तर जरा दुसरीकडे. आता त्या रेणूच्या वाटेत उत्तर लिहिलं गेलं. ते कोणी वाचो न वाचो, दोन अवस्थांचा मेळ आता एकट्या क्यूबिटकडे उरत नाही. तो क्यूबिट आणि रेणू यांच्या जोडीत जातो.

व्हिएन्नामध्ये झाइलिंगर यांच्या गटाने ७० कार्बन अणूंच्या फुलरीन रेणूंवर हे दाखवलं. निर्वात कक्षात थोडा वायू सोडला, तसे व्यतिकरणाचे पट्टे (दोन वाटांच्या लहरी मिसळून उमटणारे) फिके होत गेले. पुढे वायू न सोडता रेणूच लेझरने तापवले. तापलेला रेणू प्रकाश टाकतो, तो प्रकाश रेणू कोणत्या वाटेने गेला हे सांगून जातो, आणि पट्टे पुन्हा गेले. पाहायला कोणी माणूस बसलेला नव्हता.

पॅरिसमध्ये हारोश यांनी १९९६ मध्ये आरशांच्या पोकळीत मोजक्या फोटॉनांच्या दोन अवस्था एकत्र धरल्या. दोन अवस्था एकमेकींपासून जितक्या दूर, तितका मेळ लवकर गेला. पोकळीतून एखादाच फोटॉन निसटला तरी पुरे. हारोश आणि वाइनलँड यांना २०१२ चं नोबेल अशाच कामांसाठी मिळालं.

केळीबाग

हे आमच्या सौद्यासारखं वाटतं. केळीचा भाव बांधावर दोघांतच ठरला, कोणाला सांगितलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत गावाला कळतोच. पुरं कोणालाच ठाऊक नसतं. एकाने ट्रक पाहिला, एकाने काटा, एकाने मजूर किती आले ते. सगळ्यांचं मिळून मात्र पुरतं कळतं.

मग मले सांगा, तुमचा भोवताल गोंगाट करतो की चहाडी?

मिलिकेल्व्हिन

दादा, मी दहा वर्षं या विषयात आहे, पण प्रश्न इतका नेमका विचारलेला ऐकला नव्हता.

तुमच्या सौद्याचं गणितच मांडतो. एका रेणूला फारसं कळत नाही. क्यूबिट शून्य असताना आणि एक असताना त्या रेणूची अवस्था ९९ टक्के सारखीच राहते असं धरा. अशा एका साक्षीदाराने कोहिरन्स ०.९९ होतो. पण साक्षीदारांचा गुणाकार होतो. शंभर झाले की ०.३७, पाचशे झाले की ०.०१ च्याही खाली.

आता मुद्दा असा, की नुसता क्यूबिट मोजून गोंगाट आणि चहाडी वेगळी ओळखता येत नाही. फेजला कोणी आंधळे धक्के दिले असोत किंवा तिची खबर बाहेर गेली असो, मॅट्रिक्सची ती दोन घरं सारखीच रिकामी होतात. फरक पडतो तो परत आणता येतं का यात. धक्का काय बसला हे आपल्याला कळलं तर तो उलटा देता येतो. उदाहरण द्यायचं तर आपल्या विजेचं. लाइन ५० हर्ट्झची, तिचं चुंबकीय क्षेत्र अडकवलेल्या आयनांची फेज बिघडवतं. पण ती लहर दर २० मिलिसेकंदांनी तशीच्या तशी येते. म्हणून प्रयोगाची प्रत्येक फेरी लहरीच्या एकाच बिंदूवर सुरू करतात. धक्का बसतो, पण दर वेळी सारखाच, आणि त्याचा हिशेब आधीच करता येतो. तो मग गोंगाट राहत नाही. याउलट निसटलेल्या फोटॉनबरोबर गेलेली खबर परत आणायची, तर तो फोटॉनच परत आणावा लागेल.

गुरुजींच्या प्रश्नाचा एक भाग मात्र शिल्लक राहतो, तो लपवत नाही. व्यतिकरण दिसेनासं का होतं, हे यातून कळतं. अनेक शक्यतांतून हेच एक उत्तर का आलं, हे यातून कळत नाही.

सातपुडा७८

समाधान झालं. विशेषतः शेवटच्या दोन वाक्यांनी. चाळीस वर्षं मी वर्गात सांगत होतो ते अर्धं होतं, हे आता कळलं याचाही आनंद आहे.

चुंबकघर

परत आणण्यावरून आठवलं. स्पिन एको! १९५० मध्ये हान यांनी शोधला. एमआरआयमधले आमचे पल्सचे अर्धे क्रम त्यावर चालतात. शिवारातून दहा बैलगाड्या एकदम निघाल्या, ज्याची त्याची चाल वेगळी. ठरलेल्या वेळी हाळी दिली की सगळ्यांनी आहे तिथून माघारी फिरायचं. वेगवान गाडी जास्त लांब गेलेली असते, पण परतताही तेवढ्याच वेगाने. सगळ्या एकाच क्षणी गोठ्यात. फक्त वाटेत एखादा बैल दमला आणि चाल बदलली, तर ती गाडी मागे राहते. तो तोटा एकोने भरून येत नाही.

निंबाखालचीफेज, धुळे

नमस्कार, मीच ती विद्यार्थिनी. सरांनी धागा दाखवला, खातं आजच उघडलं. सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस मला वाटत होतं की मी या विषयात यायलाच नको होतं.

ताईंची बैलगाडी वाचून प्रोग्रामात मधोमध एको घातला. एकूण वेळ २० मायक्रोसेकंद, पल्स, म्हणजे ताईंची हाळी, दहाव्याला. फेरीभर तीच चूक असेल तर ०.१३ चे थेट १.०० झाले, सगळ्या गाड्या गोठ्यात. दर पावलाला नवी चूक घेतली तर एकोशिवाय ०.९०, एको घालूनही ०.९०, काहीच फरक नाही. मग मधला प्रकार केला: चूक हळूहळू बदलते आणि साधारण २० मायक्रोसेकंदांत आधीचं विसरते. एकोशिवाय ०.२३, एकोसह ०.७९.

म्हणजे एकोने किती परत आलं यावरून गोंगाट किती संथ आहे ते ओळखता येईल ना? मन्हा डोकामा आते उजेड पडना.

मिलिकेल्व्हिन

ओळखता येतं, आणि प्रयोगशाळेत आम्ही तेच करतो. क्यूबिट हाच गोंगाट मोजायचं यंत्र होतो. ०.२३ आणि ०.७९ हे आकडे प्रबंधात नक्की घाल.

केळीबाग

पोरी, शाब्बास. एक शंका माझ्याकडून. दोन झोके एकाच फांदीला बांधले आणि फांदीच हलली तर? दोघांचा मेळ कशाला बिघडेल?

मिलिकेल्व्हिन

बिघडणार नाही, दादा. वाइनलँड यांच्या गटाने २००१ मध्ये दोन आयनांवर हेच केलं. दोन अवस्था अशा निवडल्या की एकीत पहिला शून्य, दुसरा एक, दुसरीत उलट. दोघांवर सारखाच गोंगाट आला की दोन्ही अवस्थांना तेवढीच फेज मिळते आणि फरक जागच्या जागी राहतो. पण त्याच फांदीवर सगळे शून्य आणि सगळे एक अशी जोडी केली तर धक्के साठत जातात. इन्सब्रुकमध्ये २०११ मध्ये १४ आयन असे बांधले, तेव्हा मेळ जाण्याचा वेग आयनांच्या संख्येच्या वर्गाने वाढताना दिसला. फांदी तीच. वाचणं न वाचणं आपण झोके कसे बांधतो त्यावर ठरतं.

निंबाखालचीफेज

सर, अजून एकच. एकाऐवजी दोन पल्स द्यायच्या असतील तर कुठे देऊ? तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्यावर?

मिलिकेल्व्हिन

नको. पाव आणि पाऊण वेळेवर, म्हणजे पाचव्या आणि पंधराव्या मायक्रोसेकंदाला. कार आणि पर्सेल यांनी १९५४ मध्ये घातलेला क्रम आहे.

निंबाखालचीफेज

चालवलं. ०.९२.